ब्रेकची हवा काढणे आणि ब्रेक ऑइलची निवड



शेती व आरोग्याच्या या पानावर मोटारीच्या ब्रेकचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या भागाच्या नकाशातच आहे. बेळगाव-खानापूरकडची कोबी, बटाटा, हिरवी मिरची आणि दूध रोज घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून गाडी चोर्ल्याचा घाट उतरू लागली, की केरी येईपर्यंत चालकाचा पाय ब्रेकवरून फारसा हलत नाही. अनमोड आणि आंबोलीच्या घाटांचीही तीच गोष्ट. ज्या घरी जीप किंवा मोटार आहे, त्या घरच्या गाडीतून शेजारीपाजारी लग्नाला जातात, आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो, आणि 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी मंडळी जुन्या गोव्याला जातात. इतक्या जिवांचा भार ज्या वाटीभर द्रवावर असतो, त्याची ओळख आपल्यापैकी पुष्कळांना नसते. ती करून द्यावी आणि ज्यांना हे काम घरी करायचे आहे त्यांना त्याची योग्य रीत सांगावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

1. ब्रेक कसा लागतो

पायाने पेडल दाबले, की त्याचा जोर मास्टर सिलिंडरमधल्या दट्ट्यावर पडतो. दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते लोखंडी नळ्यांतून व रबरी होजमधून प्रत्येक चाकापाशी दाब पोहोचवते. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरमधला दट्ट्या पॅडला तबकडीवर दाबतो. ड्रम ब्रेक असेल तर व्हील सिलिंडर दोन्ही शू फाकवून ड्रमच्या आतल्या बाजूस टेकवतो.

यामागचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (1623–1662) याने मांडला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, असा तो नियम आहे. हा पास्कल श्रद्धेचाही मोठा विचारवंत होता. त्याच्या चारशेव्या जन्मवर्षी, 2023 साली, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर एक प्रेषितीय पत्र लिहिले होते.

नियमाचा उपयोग हिशेबाने पाहू. पायाचा जोर 20 किलो धरा. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट झाला, म्हणजे 100 किलो. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 32 किलो दाब तयार होतो. कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास 50 मिलिमीटर असेल, तर त्यावर सुमारे 625 किलोंचा जोर पडतो. व्हॅक्यूम बूस्टरची मदत याहून वेगळी. पायातले 20 किलो चाकाशी सहाशेंच्या वर जातात ते असे.

मात्र या सगळ्याला एक अट आहे. नळीत फक्त द्रव हवा. द्रव दाबला तरी आकसत नाही. हवा आकसते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पायाचा पहिला जोर तो बुडबुडा चेपण्यातच जातो, आणि चाकापर्यंत पोहोचायच्या आत पेडल खाली जाते. मेकॅनिक याला ‘ब्रेक स्पंज लागतो’ म्हणतात. बुडबुडे बाहेर घालवण्यासाठी प्रत्येक चाकाच्या सिलिंडरवर एक लहान पोकळ स्क्रू असतो. त्याला निपल म्हणतात. निपल सैल करून हवा व जुने ऑइल बाहेर काढणे म्हणजेच ब्रेकची हवा काढणे.

2. ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल

प्रवासी मोटारीच्या चारही चाकांना असा द्रवाच्या दाबाचा ब्रेक पहिल्यांदा 1921 साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीत आला. माल्कम लॉकहीड याची ती कल्पना. सुरुवातीच्या काळातल्या ब्रेकच्या नळ्यांत एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रणही भरत. म्हणजे एके काळी आपल्या बांधावरच्या एरंडाची जात मोटारी थांबवीत होती. आजचे ब्रेक ऑइल मात्र बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल जातीच्या रसायनांचे असते. त्यात तेलाचा अंश नसतो. ते पाण्यात विरघळते. हाताला लागले तर पाण्याने धुतले जाते. रंगावर सांडले तर रंग उखडते.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण ‘ऑइल’ या नावाने घात होतो. भांड्यातली पातळी कमी दिसली, की घरातला मुलगा हाताशी असलेले इंजिन ऑइल ओततो. ब्रेकमधले रबरी वॉशर ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागले की ते फुगतात, मऊ पडतात आणि सिलिंडरात अडकतात. मग ब्रेक लागलेलेच राहतात, किंवा लागेनासे होतात. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, रॉकेल, डिझेल, खाद्यतेल यांचा एक थेंबही तेथे जाऊ नये. चुकून गेलाच तर गाडी चालवू नये. नळ्या धुऊन सर्व रबरी भाग बदलल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेलात बुडालेले ब्रेक ज्या ट्रॅक्टरांना आहेत, त्यांचे तेल वेगळे असते. मोटारीचे ब्रेक ऑइल त्यांत घालू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल तेच वापरावे.

3. पाणी, उष्णता आणि घाट

ग्लायकॉलला पाण्याची ओढ असते. मीठ जसे पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन पाझरते, तसे ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषून घेते. भांड्याच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनसुद्धा तो हळूहळू आत जातो. कणकुंबीसारख्या गावी पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. तेथल्या गाडीच्या ब्रेक ऑइलला कोरडे राहणे अवघडच.

आता उष्णतेकडे पाहू. माल व माणसे धरून दोन टन वजनाची गाडी 500 मीटर उंचीवरून खाली आली, तर तेवढ्या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते, तिने साधारण 29 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. काही भाग इंजिन रोखून धरते, काही वाऱ्याच्या व टायरच्या विरोधात जातो, आणि उरलेली सर्व उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये साठते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच पडतो.

नवे ब्रेक ऑइल 200 अंश सेल्सियसच्या पुढे उकळते. पाणी मुरलेले ऑइल त्याच्या पुष्कळ आधी उकळते. ते उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आकसते. पेडल एकदम तळाला जाते. पुढे वळण असते, आणि ब्रेक नसतो.

यातली फसवी बाब अशी की गाडी कशीबशी थांबली आणि अर्धा-पाऊण तास गेला, की वाफेचे पुन्हा पाणी होते व ब्रेक पहिल्यासारखा लागू लागतो. मालक म्हणतो, ‘काही नाही, गाडी ठीक आहे.’ गाडी ठीक नसते. तिने इशारा दिलेला असतो. गरम असताना खाली गेलेले पेडल थंड झाल्यावर वर आले, तर त्या दिवशी रिकाम्या गाडीनेच, पहिल्या गिअरात, जवळच्या मेकॅनिककडे जावे आणि सर्व ऑइल बदलावे. घाटातच असाल तर मेकॅनिकला तेथे बोलवावे.

पाण्याचा दुसरा उपद्रव गंजाचा. सिलिंडरचा आतला आरसा गंजाने खरबरीत होतो, आणि त्यावर घासून वॉशर कापले जातात. उन्हाळ्यात गाडी चांगली चालली म्हणून ऑइल चांगले आहे, असे समजू नये.

4. डब्यावरचे आकडे

ब्रेक ऑइलच्या डब्यावर ‘डॉट’ हे अक्षर आणि पुढे एक आकडा असतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या या प्रती आता जगभर चालतात. प्रत्येक प्रतीला उकळण्याचे किमान दोन अंक दिलेले असतात. एक कोरड्या, म्हणजे नव्या ऑइलचा. दुसरा ओल्या, म्हणजे सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलेल्या ऑइलचा.

डॉट 3 : कोरडे 205 अंश, ओले 140 अंश.
डॉट 4 : कोरडे 230 अंश, ओले 155 अंश.
डॉट 5.1 : कोरडे 260 अंश, ओले 180 अंश.
डॉट 5 : अंक 5.1 चेच, पण हे सिलिकोनचे असते.

ओल्या अंकाकडे नीट पहावे. शंभरांत चारसुद्धा भाग पाणी नाही, तरी डॉट 3 चा अंक 65 अंशांनी व डॉट 4 चा 75 अंशांनी खाली येतो. म्हणून महागडे पण चार वर्षांचे जुने ऑइल हे साध्या पण ताज्या ऑइलपेक्षा धोक्याचे ठरू शकते. घाटातल्या गाडीला प्रत आणि ताजेपणा दोन्ही हवेत.

निवडीचे नियम थोडेच आहेत.

(अ) भांड्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जी प्रत लिहिली असेल ती पहिली. सांगितल्यापेक्षा खालची प्रत कधीही घालू नये.

(आ) डॉट 3, 4 व 5.1 ही एकाच कुळातली असल्यामुळे एकमेकांत मिसळतात. डॉट 3 च्या गाडीत सहसा डॉट 4 चालते, आणि घाटात जाणाऱ्या गाडीला ते हिताचे. मात्र जुन्यावर नवे ओतून लाभ होत नाही. सर्व जुने काढूनच नवे भरावे.

(इ) डॉट 5 आणि डॉट 5.1 या नावांत गफलत होते. डॉट 5 सिलिकोनचे असल्याने इतरांत मिसळत नाही. ते बहुधा जांभळ्या रंगाचे असते. आपल्या नेहमीच्या गाड्यांसाठी ते घेऊ नये.

(ई) डबा लहान, सीलबंद आणि अलीकडच्या तारखेचा घ्यावा. मोठ्या डब्यातून सुटे काढून दिलेले ऑइल स्वस्त मिळाले तरी नको. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नये, कारण तो कपाटात बसूनही पाणी पितो. चारही चाकांचे पूर्ण ऑइल बदलण्यास साधारण एक लिटर हाताशी असावे.

(उ) बहुतेक गाड्यांची पुस्तके दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात याहून कमी मुदत असेल तर ती पाळावी. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, हे काम उरकले तर जुन्या गोव्याच्या यात्रेआधी गाडी तयार होते. रंगावर विसंबू नये. काळे पडलेले ऑइल खराब खरेच, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असू शकते.

5. पेडल काय सांगते

हवा काढण्याआधी दुखणे ओळखावे. प्रत्येक दुखण्याला हवा काढणे हे औषध नाही.

पेडल मऊ लागते, दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होते : नळीत हवा असावी. मागचे ड्रम ब्रेक सैल असले तरी पेडल खाली जाऊन मारल्यावर वर येते. तेव्हा शूची ॲडजस्टमेंटही तपासावी.

पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते : कोठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. येथे हवा काढून उपयोग नाही.

पेडल दगडासारखे कठीण आणि ब्रेक लागत नाही : बूस्टर, त्याची व्हॅक्यूम नळी किंवा फार तापलेले लायनर यांकडे पहावे.

गाडी एका बाजूला ओढते : कॅलिपर अडकला असेल, किंवा एका चाकाच्या शूवर ऑइल गळत असेल.

भांड्यातली पातळी कमी होते, पण गळती दिसत नाही : पॅड झिजले असावेत. झिजलेल्या पॅडमागे दट्ट्या पुढे सरकतो आणि तेवढे ऑइल खाली उतरते. भर घालून मोकळे होऊ नये, पॅड पहावेत.

6. हवा काढण्याची रीत

हे काम दोघांचे आहे. एक पेडलवर, एक चाकापाशी. पेडलवर बसणारा लहान मूल नसावा. सांगितल्यावाचून पाय उचलणार नाही असा समंजस माणूस असावा.

साहित्य : नव्या ऑइलचा डबा, निपलला नेमका बसणारा रिंग पाना (पुष्कळ गाड्यांत 8 किंवा 10 मिलिमीटर), निपलवर घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी, काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची बाटली, स्वच्छ फडकी, नवी कोरडी पिचकारी, बादलीभर पाणी, हातमोजे व चष्मा.

पूर्वतयारी : गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाक काढायचे असेल तर जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. गाडीखाली भक्कम लोखंडी घोडी लावावी. विटा चालत नाहीत, त्या भाराने फुटतात. मग इंजिन बंद ठेवूनच पेडल पाच-सहा वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवावा.

पायरी पहिली : ऑइलच्या भांड्याचे झाकण व आसपासची धूळ उघडण्याआधी पुसावी. धुळीचा एक कण वॉशर कापायला पुरेसा असतो. पिचकारीने जुने काळे ऑइल भांड्यातून काढावे, पण तळ उघडा पडू देऊ नये. मग वरच्या खुणेपर्यंत नवे ऑइल भरून झाकण नुसते वर ठेवावे.

पायरी दुसरी : चाकांचा क्रम ठरवावा. साधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक पहिले. उजवीकडे बसून चालवायच्या आपल्या गाड्यांत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा तो क्रम येतो. काही गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरपी असते व क्रम वेगळा असतो. पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा.

पायरी तिसरी : निपलवरची रबरी टोपी काढून निपल पुसावे. आधी रिंग पाना चढवावा, मग नळी. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलात बुडलेले असावे, म्हणजे हवा उलटी आत ओढली जाणार नाही. निपल गंजून बसले असेल तर जोर करू नये. गंज सोडवणारे द्रव्य बाहेरून लावून वाट पहावी. निपल तुटले तर काम मेकॅनिककडेच जाते.

पायरी चौथी : चाकापाशी असलेला म्हणतो, ‘दाब.’ पेडलवाला सावकाश दाबतो, दाबून धरतो आणि म्हणतो, ‘दाबलंय.’ आता निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. ऑइल व बुडबुडे नळीतून येतात आणि पेडल खाली जाते. पेडलवाल्याने पाय तसाच ठेवावा. निपल बंद करावे, आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. सगळ्या कामाचे मर्म या क्रमात आहे. निपल उघडे असताना पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा तेथूनच आत येते.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नये. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग रोज वापरात नसतो. तेथे गंज व मळ साठतो, आणि त्यावरून वॉशर गेला की फाटतो. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की ही भीती राहत नाही.

पायरी पाचवी : दर चार-पाच वेळा दाबल्यावर भांड्यातली पातळी पहावी व नवे ऑइल घालावे. भांडे रिकामे झाले तर वरूनच हवा आत शिरते आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते. बाटलीत निघालेले ऑइल परत भांड्यात ओतू नये, मग ते कितीही स्वच्छ दिसो.

पायरी सहावी : बुडबुडे थांबले आणि नवे स्वच्छ ऑइल येऊ लागले, की निपल बेताने घट्ट करावे. ते लहान व पोकळ असते. नांगराच्या बोल्टासारखे आवळले तर पिरगळते. टोपी बसवून पुढच्या चाकाकडे जावे.

पायरी सातवी : चारही चाके झाल्यावर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून झाकण घट्ट लावावे. निपल व सांधे कोरडे पुसून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. ते खाली सरकता कामा नये, आणि कोठे ओल दिसता कामा नये. मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर घाबरू नये, बूस्टर काम करू लागल्याची ती खूण आहे. शेवटी मोकळ्या मैदानात अगदी सावकाश गाडी चालवून, हँडब्रेक हाताशी ठेवून, चार-पाच वेळा थांबवून पहावे. पेडलविषयी मनात शंका राहिली, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकलाही हाच नियम लागू पडतो. पेडलऐवजी हँडलवरचा लिव्हर असतो आणि भांडे लहान असल्यामुळे लवकर रिकामे होते. तारेवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकमध्ये ऑइल नसते. तेथे हे काम उद्भवतच नाही.

7. घरी करू नये ते

भारतात 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीत भांडे रिकामे न होऊ देता नुसते ऑइल बदलणे पुष्कळदा वरच्या रीतीने होते. पण एबीएसच्या डब्यात हवा शिरली तर ती काढण्यास यंत्र जोडावे लागते. तेव्हा आधी पुस्तक पहावे, आणि भांडे एकदा रिकामे झाले असेल तर कारखान्यातच जावे. विजेवर किंवा हायब्रीड चालणाऱ्या गाडीच्या ब्रेकला घरी हात लावू नये. मास्टर सिलिंडर उघडणे, गंजलेली लोखंडी नळी बदलणे, फुगलेला होज तारेने बांधून काम चालवणे, हीही घरची कामे नव्हेत. आणि ज्याने हे काम कधी पाहिलेलेच नाही, त्याने पहिल्या वेळी जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवावे. शिकण्यात कमीपणा नाही.

8. आरोग्याच्या दृष्टीने

ब्रेक ऑइल विषारी आहे. पोटात गेल्यास मेंदूवर व मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. निघालेल्या जुन्या ऑइलची बाटली ‘विष’ अशी चिठ्ठी लावून, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, आणि गॅरेजमध्ये जुने ऑइल गोळा करतात तेथे द्यावी. विहिरीकाठी, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ती ओतू नये.

कोणी प्यायल्यास घरी उलटी करवू नये. तोंड धुऊन, डबा सोबत घेऊन त्वरित दवाखाना गाठावा किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्रास दिसत नाही म्हणून थांबू नये. डोळ्यात उडाल्यास पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व मग डॉक्टरांना दाखवावे. ड्रममधली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

9. घाट उतरताना

उत्तम ऑइल भरूनही वाईट सवय घात करते. ज्या गिअरात गाडी घाट चढेल, त्याच गिअरात उतरवावी. जुन्या चालकांचा हा नियम आजही खरा आहे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणे म्हणजे बूस्टरची मदत गमावणे. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वळणाआधी ठाम दाबून वेग कमी करावा व पाय उचलावा, म्हणजे ब्रेकला निवायला उसंत मिळते. करपल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. थांबल्यावरही काही वेळ ड्रमची उष्णता आत ऑइलकडे जात राहते. म्हणून लगेच निघू नये, आणि निघताना आधी पेडल दाबून पहावे.

पेडल तळाला गेलेच, तर ते भराभर मारावे. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा. हॉर्न व दिवे चालू ठेवावेत, आणि गाडी दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला घासत थांबवावी. पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो.

10. आपले कर्तव्य

अनुवादाच्या ग्रंथात (22:8) इस्राएल लोकांना घराविषयी एक नियम दिलेला आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. कोणी वरून पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. घरमालकाने कोणाला ढकललेले नसते, तरीही दोष त्याचा, कारण कठडा बांधणे त्याच्या हाती होते. पाचव्या आज्ञेचा अर्थ येथे किती दूरवर जातो ते पहा. 2007 साली व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी जनांसाठीच्या परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली हीच, जीव न घेण्याची. गाडीचा ब्रेक हा आपल्या काळातला धाब्याचा कठडा आहे.

नवी गाडी घेतली की आपण ती आशीर्वादासाठी चर्चच्या अंगणात आणता, संत ख्रिस्तोफरचे चित्र समोर लावता. ही श्रद्धा चांगली आहे, ती ठेवा. आम्ही पवित्र पाणी बाहेरून शिंपडतो. आत ऑइलमध्ये मुरलेले पाणी काढण्याचे काम देवाने तुमच्या हातांकडे सोपवले आहे. मागच्या बाकावर बसलेली म्हातारी पेडल मऊ आहे की घट्ट हे विचारीत नाही. ती तुमच्यावर विश्वास ठेवून जपमाळ काढते आणि डोळे मिटते. त्या विश्वासाला आपण पात्र ठरावे.

उजळणीसाठी प्रश्न

1. तुमच्या गाडीच्या झाकणावर कोणती प्रत लिहिली आहे? ऑइल शेवटचे केव्हा बदलले?
2. डॉट 5 व डॉट 5.1 यांत फरक काय?
3. ‘सोड’ म्हणण्याआधी निपल बंद का करावे?
4. घाटात खाली गेलेले पेडल थोड्या वेळाने वर आले, तर गाडी ठीक आहे असे का समजू नये?
5. घरात ब्रेक ऑइल कोठे व कशात ठेवले आहे? आज घरी गेल्यावर पहा.